थाविन मास्तर मालिशचा परवाना काढतात

घराची पुढची खोली मालिशच्या धंद्याला द्यायची, हे ठरवायला थाविन मास्तरांच्या घरात एक जेवण पुरलं. ती खोली मालिशला लायक आहे हे सरकारला पटवायला मात्र सबंध वर्षावास, म्हणजे पावसाचे तिन्ही महिने, गेला.

धंदा मास्तरांचा नव्हता. मास्तरांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या अंगाला हात लावला तो फक्त वर्गात, आणि तोही कान पिळायला. धंदा होता त्यांच्या मुलीचा, कुंगचा. कुंग म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा लालभडक आणि अंगाचं मुटकुळं केलेली, म्हणून दाईने ठेवलेलं हे घरातलं नाव, आणि आमच्याकडे घरातलं नाव एकदा चिकटलं की ते चितेपर्यंत जातं. कुंगचे हात चांगले. दीडशे तासांचा सरकारमान्य वर्ग तिने पहिल्या झटक्यात पास केला आणि बेटावरच्या एका हॉटेलात नोकरीला लागली. नवरा मधेच कुठेतरी गळून पडला. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, आपणही नको बोलूया. त्याची एक खूण मागे राहिली, ती प्लॉय. वय सहा. प्लॉय आजीआजोबांकडे वाढली. आई रोज संध्याकाळी फोनवर यायची आणि प्लॉय तिच्याशी फार शहाण्यासारखी बोलायची. ‘हो’, ‘जेवले’, ‘तुम्ही जेवलात का?’ घरी आलेल्या तपासनिसाशी बोलावं तसं.

त्या ‘तुम्ही’ने कुंगचं डोकं फिरलं. पावसाळ्याची सुट्टी घेऊन ती घरी आली आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘बाबा, मला परत जायचं नाही. पुढची खोली द्या. परवाना काढू, इथेच बसेन.’’

‘‘आणि नाही मिळाला परवाना तर?’’ मास्तरांच्या बायकोने, सायुदबाईंनी विचारलं.

‘‘वर्षावास संपला की बेटावर पाहुणे सुरू होतात. हॉटेलची गाडी न्यायला येते. मग बसायचं गाडीत, आणखी काय.’’

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. ‘‘का नाही मिळणार? नियम असतात. नियम पाळले की परवाना मिळतो.’’

मास्तरांनी पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. हे वाक्य ते दर वर्षी फळ्यावर लिहायचे आणि पोरं ते दर वर्षी पुसायची.

समोर लमाय मावशीचं कॉफीचं दुकान. गल्लीतली प्रत्येक गोष्ट आधी त्या दुकानात घडते, मग गल्लीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तळलेल्या पिठाची कांडी कॉफीत बुडवत होते, तेवढ्यात मावशी म्हणाली, ‘‘मास्तर, ऐकलं ते खरं का? घरात मालिश?’’

‘‘आरोग्यासाठी.’’

‘‘हो हो, सगळं आरोग्यासाठीच असतं. माझा मेव्हणासुद्धा आरोग्यासाठीच जायचा. बहिणीने त्याला परत आणला तेव्हा आरोग्य अगदी उत्तम होतं.’’

शेजारच्या टेबलावरचे दोघे कॉफीत फुर्र करून हसले. मास्तरांनी कांडी अर्धी टाकली आणि घरी येऊन पाटी रंगवायला घेतली. पाटी अशी होती: ‘येथे केवळ आरोग्यासाठी, केवळ परंपरागत, केवळ सभ्य मालिश करण्यात येईल.’

तीन ‘केवळ’ वाचून पहिल्याच संध्याकाळी दोन गाड्या थांबल्या. दुसऱ्या गाडीतल्या गृहस्थाने काच खाली करून मास्तरांना डोळा मारला. मास्तरांना निवृत्त झाल्यापासून कोणी डोळा मारला नव्हता; त्याआधीही नसावा. त्यांनी तिथल्या तिथे पाटी उतरवली. आणि परवान्याआधी पाटी लावणं हाच मुळात गुन्हा आहे, हे त्यांना नंतर कळलं, म्हणजे आपण एक संध्याकाळभर गुन्हेगार होतो या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आमच्या देशात अर्धी माणसं उरलेल्या अर्ध्यांची पाठ दाबून जगतात. विहाराच्या आवारात दाबतात, बाजारात दाबतात, वाळूत चटई टाकून दाबतात. मालिशचे आद्यगुरू मानलेल्या जीवक वैद्यांना हात जोडून काम सुरू करतात, दुसऱ्याचा गुडघा सरळ करतात आणि स्वतःचा अंगठा वाकडा करून घेतात. पण परवाना मागायला गेलं की मालिशवाल्या बाईने आधी सिद्ध करायचं असतं की ती ‘तसली’ नव्हे. जिथे खरोखर दुसरंच काही चालतं तिथे लाल दिवे आणि आरशाच्या काचा असतात, दारात धिप्पाड दरवान असतो, आणि तिथे तपासनीस गेलाच तर गिऱ्हाईक म्हणून जातो. नियमांची चोपडी येते ती कुंगसारखीच्या हातात.

तर चोपडी आली. मास्तरांनी ती तांबड्या पेन्सिलीने वाचली. ‘आस्थापनेतील कोणत्याही खोलीस आतून कडी नसावी’ या वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली, पेचकस घेतला आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. सगळ्या म्हणजे संडासाचीसुद्धा.

‘‘मास्तर, ही आस्थापना नाही, हा संडास आहे,’’ सायुदबाई म्हणाल्या. बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणते.

‘‘कोणत्याही म्हणजे कोणत्याही.’’

तेव्हापासून त्या घरात आत गेलेलं माणूस गाणं म्हणू लागलं. सायुदबाई भिख्खूंच्या गाथा म्हणायच्या. प्लॉय शाळेत शिकवलेलं राष्ट्रगीत म्हणायची, आणि राष्ट्रगीत लागलं की मास्तर सवयीने बाहेर ताठ उभे राहायचे. लमाय मावशीने रस्त्यापलीकडून विचारलं की हल्ली तुमच्या घरात इतका उत्साह कशाचा.

मग उजेड. ‘मालिशची जागा पुरेशी प्रकाशित असावी.’ पुरेशी म्हणजे किती हे चोपडीत नव्हतं, म्हणून मास्तरांनी धोका पत्करला नाही. त्यांनी छताला इतक्या नळ्या लावल्या की सरावासाठी आडव्या झालेल्या सायुदबाईंनी डोळ्यांवर टॉवेल घेतला आणि विचारलं, ‘‘पोट कधी फाडणार?’’

मग पोलिसांचा दाखला. अर्जदारावर कोणताही गुन्हा नाही, असा. ठाण्यातला फौजदार मास्तरांचाच विद्यार्थी निघाला. कुंगच्या बोटांचे ठसे घेता घेता तो गालात हसत म्हणाला, ‘‘मालिशवाल्यांचे ठसे घ्यायला मजा येते, बोटं कशी मऊ असतात.’’

कुंगने अंगठा शाईतून उचलला आणि त्याच्या मनगटावर, दोन हाडांच्या मधे, जरासा टेकवला. फौजदार खुर्चीतून अर्धा उठला.

‘‘मऊ आहेत ना?’’ ती म्हणाली.

‘‘तू नागरिकशास्त्रात नापास झाला होतास,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दोनदा.’’

दाखला मिळाला, पण उशिरा.

आता नावाची भानगड. खरं तर इथूनच सगळं फिसकटलं.

कुंगचं कागदावरचं नाव सिरिविफा. हे नाव मास्तरांनी स्वतः ठेवलं होतं, शब्दकोश घेऊन, कितीतरी रात्री बसून. या नावाचा त्यांना अभिमान होता. पण दाखल्याला उशीर व्हायला लागला तशा सायुदबाई विहारात थोरल्या भंतेंकडे गेल्या. भंतेंनी जन्मवार विचारला. रविवार. भंतेंनी मान हलवली. रविवारी जन्मलेल्याला ‘स’ अक्षर वर्ज्य, आणि हिच्या नावाची सुरुवातच ‘स’ने. नवरा टिकला नाही, नोकरी टिकली ती घरापासून लांब, परवाना अडला. आणखी काय पुरावा हवा? आमच्याकडे या रोगाला सोपा इलाज आहे. तालुका कचेरीत जायचं, नाव बदलून यायचं. अर्धा देश बदलतो. पंखे आणि कूलर बदलतात त्याहून जास्त वेळा बदलतो.

भंतेंनी नवं नाव काढून दिलं: नत्तनफत.

‘‘हे नाव आहे की पायाला लागलेली ठेच?’’ मास्तर म्हणाले.

‘‘भंतेंनी दिलंय.’’

‘‘द्यायला हरकत नाही. मी ऐकणार नाही.’’

कुंग तालुक्याला जाऊन नाव बदलून आली, आणि मास्तरांनी खरोखर ते ऐकलं नाही. अर्ज भरायला घेतला तेव्हा घरमालक म्हणून सही त्यांनी केली, पण नावाच्या रकान्यावर डावा तळहात ठेवून केली. घरात कोणी ते नाव उच्चारलं तर ते रेडिओ मोठा करायचे. निषेध म्हणजे निषेध. शिवाय घरात, गल्लीत, सगळीकडे ती कुंगच होती. नवं नाव कोणाच्या तोंडी यायचं कारणच नव्हतं.

वर्षावास संपायला आला. एका दुपारी कुंग आणि सायुदबाई टॉवेल आणायला बाजारात गेल्या होत्या. मास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते. एक गोल चष्म्याच्या बाई स्कूटरवरून उतरल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘मी ओरथै, आरोग्य खात्यातून. नत्तनफत इथेच राहतात का?’’

मास्तर मनापासून म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘पत्ता तर हाच आहे.’’

‘‘बाई, मी या गल्लीत पस्तीस वर्षं राहतोय. इथलं प्रत्येक पोर माझ्या हाताखालून गेलंय. या नावाचं कोणी नाही.’’ आणि सरकारी माणसाला अर्धवट माहिती देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली, ‘‘लमाय, नत्तन... काय म्हणालात? नत्तनफत नावाचं कोणी आहे का गं गल्लीत?’’

‘‘इतक्या अवघड नावाचं माणूस आम्ही ठेवतच नाही,’’ मावशी म्हणाली.

ओरथैबाईंनी कागद काढला. ‘अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही, असे घरमालकाचे म्हणणे.’ मास्तरांना वाटलं की कोणा लबाडाने आपला पत्ता खोटा दिला आहे आणि आपण एक गुन्हा पकडून देत आहोत. नागरिक म्हणून त्यांची छाती भरून आली. त्यांनी खाली सही केली. ठळक, वळणदार, फळ्यावर लिहायचे तशी.

‘‘खोट्या अर्जदारांवर खात्याने कडक कारवाई करावी,’’ ते स्कूटरमागे म्हणाले.

टॉवेल घेऊन दोघी परतल्या तेव्हा मास्तरांनी हा पराक्रम स्वतःहून सांगितला. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की सायुदबाई खाली बसल्या आहेत आणि टॉवेल उचलत नाहीत. कुंग ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, पलंगाखालची बॅग काढली, पुसली आणि दाराशी उभी करून ठेवली. प्लॉयने बॅग पाहिली आणि विचारलं, ‘‘तुम्ही चाललात का?’’

मास्तरांनी त्या रात्री रेडिओ लावला नाही.

सकाळी सगळे कचेरीत हजर. ओरथैबाईंनी कालचा कागद पुढे सरकवला. ‘‘तुम्हीच सही केलीत की राहत नाही. आज म्हणता राहते. मी कोणतं खरं धरू?’’

‘‘आजचं.’’

‘‘काल तुम्ही कडक कारवाई करा म्हणालात.’’

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्यासमोर बाकावर उभी राहिलेली सगळी पोरं त्यांना एकदम आठवली.

‘‘नियम आहे,’’ ओरथैबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. ‘‘ओळखपत्रासकट दोन साक्षीदार आणा, हीच ती आणि इथेच राहते असं सांगणारे. आणि तुमचं स्वतःचं निवेदन. तिच्या पूर्ण नावासकट, तोंडी, माझ्यासमोर. उद्या दुपारच्या आत. परवा फाईल वर जाते.’’

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हॉटेलची गाडी येणार होती.

मास्तर घरी आले आणि नाव पाठ करायला बसले. नत्तफन. नफत्तन. नत्तनफन. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांकडून घटनेची कलमं घोकून घेतली त्याच्या जिभेला पाच अक्षरं बसेनात. शेवटी प्लॉय पुढे झाली. तिने आईचं नवं नाव शाळेच्या फॉर्मवर स्वतः लिहिलं होतं. तिने आजोबांना चटईवर बसवलं, हातात पट्टी घेतली आणि म्हणाली, ‘‘माझ्या मागून म्हणा. नत्त.’’

‘‘नत्त.’’

‘‘लक्ष कुठेय तुमचं?’’

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून लमाय मावशी आणि सायुदबाई गेल्या. मावशीने दुकान बंद ठेवलं, आणि तसं ठेवल्याचं वाटेत सगळ्यांना सांगितलं. कचेरीत ओरथैबाईंनी ओळखपत्रं मागितली. मावशीने कार्ड दोन्ही हातांनी झाकून दिलं. ओरथैबाईंनी वाचलं, ‘‘फिम्मादा?’’

‘‘हळू वाचा की,’’ मावशी म्हणाली. ‘‘गेल्या वर्षी बदललं. दुकान चालत नव्हतं.’’

‘‘मी विचारलं तेव्हा तर इतक्या अवघड नावाची माणसं ठेवत नव्हतीस,’’ मास्तर म्हणाले.

‘‘मी स्वतःला मोजलं नव्हतं.’’

मग सायुदबाईंचं कार्ड. ओरथैबाईंनी कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. ‘‘चनिसरा?’’

मास्तरांनी कार्ड ओढून घेऊन स्वतः वाचलं.

‘‘कुंगबरोबर गेलेच होते तालुक्याला,’’ सायुदबाई छताकडे बघत म्हणाल्या. ‘‘म्हटलं एका हेलपाट्यात दोन कामं होतील.’’

‘‘मी कोणाबरोबर राहतोय?’’ मास्तरांनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

‘‘माझ्याबरोबरच. भाजीत मीठ तेवढंच आहे ना?’’

ओरथैबाईंनी तोंडावर कागद धरला होता. तो खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी होता. ‘‘आता निवेदन. तुमच्या मुलीचं नाव?’’

मास्तर उभे राहिले. त्यांनी एक श्वास घेतला. ‘‘नत्तनफत.’’

बरोबर आलं. मावशीने मांडीवर थाप मारली.

‘‘हे नाव तुम्हीच ठेवलंत?’’ रकाना असावा, ओरथैबाई लिहिता लिहिता विचारत होत्या.

‘‘नाही. मी ठेवलेलं दुसरं होतं.’’ मास्तरांना इथे थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. ‘‘ते तिने टाकून दिलं. एका अक्षरापायी.’’

कुंग मागच्या बाकावरून उठून पुढे आली. ती म्हणाली, ‘‘अक्षरापायी नाही, बाबा. ते आईला वाटतं.’’ मग ती ओरथैबाईंकडे वळली, जसं काही हेही निवेदनात घालायचं होतं. ‘‘बेटावर छातीवर बिल्ला असतो. त्यावर सिरिविफा लिहिलेलं. पाहुणे बिल्ला वाचतात आणि त्या नावाने हाक मारतात. सिरिविफा, जरा खाली. सिरिविफा, दार लावून घे. किती जणांचे हात मी बाजूला केले ते तुमच्या फॉर्ममध्ये मावणार नाही. प्रत्येक जण त्याच नावाने हसायचा. तुम्ही ते इतक्या प्रेमाने शोधलंत. मला ते तिथे आणखी वापरू द्यायचं नव्हतं.’’

मावशी खिडकीबाहेर बघत होती. आरोग्याचा विनोद तिच्याकडे त्या दिवसापुरता तरी संपला होता.

मास्तर खाली बसले, मग पुन्हा उठले. ‘‘बाई, माझं निवेदन लिहा. नत्तनफत माझी मुलगी आहे. माझ्या घरात राहते. परवा मी सांगितलं ते खोटं होतं, कारण मी तिला विचारलं नव्हतं. हे पण लिहा.’’

‘‘याला रकाना नाही, मास्तर.’’

‘‘मग समासात लिहा. मी समासातलंही वाचायचो.’’

ओरथैबाईंनी समासात लिहिलं. बारीक, सुवाच्य.

त्याच संध्याकाळी त्या खोली बघायला आल्या. आत शिरताच त्यांनी हात कपाळावर आडवा धरला. ‘‘यातले अर्धे दिवे काढा. माणसं इथे झोपायला येतात, कबुलीजबाब द्यायला नाही.’’ पडदा बघितला, चटया बघितल्या, जीवक वैद्यांची तसबीर पायाच्या बाजूला नाही ना, तेही बघितलं. सगळं ठीक. जाता जाता त्यांनी हात धुवायला म्हणून संडास विचारला. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, ‘‘इथे कडी नाही?’’

‘‘नियमाप्रमाणे काढली,’’ मास्तर बाहेरून म्हणाले.

‘‘हा भाग नियमात येत नाही.’’

‘‘चोपडीत कोणत्याही असं...’’

‘‘मास्तर,’’ आतून आवाज आला, ‘‘तुम्ही दाराशी उभे आहात का?’’

मास्तर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना ऐकू आलं की आरोग्य खात्याच्या तपासनीस बाईंचा गळा चांगला आहे.

फाईल वर गेली. परवाना तसा लगेच आला नाही; कोणताच येत नाही. पण ओरथैबाईंनी फोन करून सांगितलं की वरच्या साहेबांची सही झाली आहे, शिक्का उरला आहे, आणि शिक्का ठेवतात त्या कपाटाची किल्ली घेऊन गेलेला माणूस सोमवारी येईल. सही झाली म्हणजे झाली. मधल्या काळात कोणाला हात लावू नका, पाटी लावू नका, बाकी निश्चिंत राहा.

हॉटेलची गाडी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कुंग बॅग न घेता गेली. हातात फक्त घडी केलेला गणवेश होता. तो तिने खिडकीतून आत ठेवला. ड्रायव्हर बराच वेळ काहीतरी समजावत होता, ती मान हलवत होती. मग गाडी गेली. मास्तर खुर्चीत बसून बघत होते. त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की गणवेश धुऊन परत करायचा नियम असेल का. पण ती त्यांनी मनातच ठेवली. माणूस सुधारतो, थोडा थोडा.

कुंग परत आली तेव्हा प्लॉयची शाळेची वेळ झाली होती. रोज वेणी आजी घालायची. आज कुंगने फणी उचलली.

‘‘दुखतंय,’’ प्लॉय म्हणाली.

‘‘हलू नकोस मग.’’

‘‘आजी अशी ओढत नाही.’’

‘‘आजीच्या वेण्या दुपारपर्यंत सुटतात.’’

‘‘मला सुटलेल्याच आवडतात. तुला काही येत नाही. सोड ना मला. तू जा तिकडे.’’

सायुदबाई स्वयंपाकघरातून धावत यायला निघाल्या. मास्तरांनी हात आडवा करून त्यांना दारातच थांबवलं. आत पोरगी आता पाय आपटत होती आणि आई तिला दरडावत होती. आवाज चढत चालले होते. समोरून लमाय मावशी काय झालं म्हणून बघायला बाहेर आली. मास्तरांनी तिलाही हातानेच सांगितलं, काही नाही, चालू दे. आणि खुर्ची जरा आतल्या बाजूला सरकवून ते ऐकत बसले.